न्यू कॅसलची सुरुवात पेनपासून नव्हे

अमेरिकेतील डेलावेअर नदीकाठच्या न्यू कॅसल या गावाचा वसाहतकालीन इतिहास १६८२ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे इंग्रज संस्थापक विल्यम पेन तेथे उतरल्यापासून सुरू होतो, हे या गावावरील लेखातील विधान मला पटले नाही. लेनापी या मूळनिवासी लोकांच्या या किनाऱ्यावर पीटर स्टायव्हेसंट या डच अधिकाऱ्याने १६५१ मध्येच फोर्ट कॅसिमिर हा किल्ला उभारला होता. तो १६५४ मध्ये स्वीडिशांनी घेतला, पुढच्याच वर्षी डचांनी परत मिळवला आणि १६६४ मध्ये इंग्रजांनी जिंकून गावाला आजचे नाव दिले. त्यामुळे पेन यांच्या हाती किल्ल्याची चावी, डहाळीसह मातीचे ढेकूळ आणि नदीचे पाणी देण्याचा जो विधी झाला, तो नांदत्या गावाच्या हस्तांतराचा होता, स्थापनेचा नव्हे.

गावातील जुन्या न्यायालयाच्या इमारतीबद्दलही लेखात फार थोडे आले आहे. डेलावेअर-पेनसिल्व्हेनिया सीमेच्या बारा मैल त्रिज्येच्या कंसाचे केंद्र मानली जाणारी त्याची घुमटी मी स्वतः पाहिली आहे, आणि तिच्याखाली उभे राहिल्यावर या लहान गावाचे एके काळचे वजन मला खऱ्या अर्थाने जाणवले. काउंटीचे (जिल्ह्याचे) मुख्यालय न्यू कॅसलमधून १८८१ मध्ये विल्मिंग्टनला गेले. माझ्या मते त्यामुळेच येथील जुनी घरे आणि रस्ते मोठ्या बांधकामांपासून वाचले.