पहिल्यासारखं अ‍ॅनिमे राहिलं नाही म्हणे!

सांगलीत विश्रामबागला चहाला जमलो की आमच्यातला कुणीतरी जपानी अ‍ॅनिमेशनवरून हटकून सुरू करतो, "आता पहिल्यासारखं अ‍ॅनिमे राहिलं नाही रे." वीट आलाय मला या वाक्याचा! तुलना कशाशी, तर १९९८च्या 'काउबॉय बीबॉप' या मालिकेशी. अरे, त्या काळातलं रद्दड काम कुणाला आठवतंय? काळानं ते पाखडून टाकलं, दाणे तेवढे उरले. आजचं मात्र कोंड्यासकट मोजायचं, हा कुठला न्याय? २०२३ला मॅडहाउस स्टुडिओनं केलेली 'फ्रीरेन' ही मालिका यांनी पाहिलेलीच नसते. बघा म्हटलं तर वेळ नाही. नावं ठेवायला बरा वेळ मिळतो!

हो, मरून दुसऱ्याच जगात जन्मणाऱ्या पोरांच्या त्याच त्या कथांना मीही कंटाळलोय. पण राग काढायचाच तर योग्य जागी काढा ना. निर्मात्यांनी दर तीन महिन्यांनी डझनावारी नव्या मालिका काढायच्या, आणि दोन मुख्य चित्रांमधली हालचाल रेखाटणाऱ्या पोरापोरींच्या हातावर चित्रामागे दोनेकशे येन टेकवायचे. मग घाईत एखादा भाग ढेपाळणारच. क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओनं चित्रकारांना महिन्याच्या पगारावर ठेवलं, त्यांचं काम बघा एकदा नीट. हात आजही तितकेच कसलेले आहेत हो, त्यांना उसंत मिळत नाही. यावर कुणी चकार शब्द काढेल तर शपथ! एका वाक्यात सगळ्या पिढीवर फुली मारून मोकळे.