आधी पेज, मग पावडरीचं बघू

2019 मध्ये मिरामारला आयर्नमॅन 70.3 ही पोहणं-सायकल-पळण्याची शर्यत झाली आणि तेव्हापासून पणजीत पहाटे पळणारे, सायकलवाले वाढतच चाललेत. चांगलंच आहे. पण घाम गाळून झाल्यावर ही मंडळी खातात काय, ते बघून माझं डोकं फिरतं. कांपालहून दोना पावलापर्यंत पळून यायचं, शेकरमध्ये प्रोटीन पावडर हलवायची, घटाघटा प्यायची आणि थेट ऑफिस. भात? छे, पोट सुटतं म्हणे!

अहो, लांब पल्ल्याच्या व्यायामात सगळ्यात जास्त खर्च होतं ते स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर. ते नुसत्या प्रोटीनने कसं भरणार? पिष्टमय खाणं पुरेसं असलं तरी पूर्ण भरायला साधारण 24 तास जातात. सकाळी पळून संध्याकाळी परत सायकल काढणार असाल, तर पहिले चारेक तास दर तासाला, वजनाच्या किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम कर्बोदकं लागतात. 60 किलोच्या माणसाला तासाला 60-70 ग्रॅम. पुढचा व्यायाम उद्या असेल तर एवढी घाई नको, दिवसभर नीट जेवलात की झालं. ‘अर्ध्या तासात घेतलं नाही तर मेहनत पाण्यात’ ही भीती पावडरीचे डबे विकणाऱ्यांच्या सोयीची आहे.

आपल्याकडे शेतात राबणारी माणसं दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज घेत, सोबत खारातली कैरी. पिष्ट, पाणी, मीठ, सगळं एका वाडग्यात. मात्र पेजेच्या भक्तांनीही जरा ऐकावं. मोडलेल्या स्नायूंच्या दुरुस्तीला एका वेळी 20-25 ग्रॅम प्रोटीन हवं, आणि वाडगाभर पेजेतून चार-पाच ग्रॅमच मिळतं. म्हणून सोबत बांगडा हवा. त्याच्या 100 ग्रॅम मांसात 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. सोमवारी मासे चालत नसतील तर मुगाची भरपूर उसळ आणि वाटीभर दही. पोळीत दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट घालून वर कपभर दूध घेतलं तरी जमतं. ज्यांना सकाळी काही गिळवतच नाही, त्यांनी पावडर घ्यावी की, ती काही विष नव्हे. पण तिला जेवण समजू नये.

घामाचं तर आपल्याकडे कुणी मोजतच नाही. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि अंग काही गार होत नाही. पळण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. किलोभर घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी पोटात जायला हवं, तेही मिठासकट. शहाळं उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचं; घामातून मुख्यतः सोडियमच जातं. त्यापेक्षा मीठ-साखर घातलेलं सोलांचं (आमसुलांचं) पाणी घ्या. (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी मीठ-प्रोटीनचं डॉक्टरांनाच विचारावं.)

आणि हो, रविवारच्या लाँग रननंतर शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत, भरणारी ती बिअरची मैफल. दारू जास्त झाली की स्नायूंची दुरुस्ती मंदावते, सोबत प्रोटीन घेतलं तरी. हे सांगितलं की माझ्या ग्रुपमधले भाऊ लोक माझा फोनच उचलत नाहीत. उचललात तर एवढंच सांगेन, आधी शीत-कढी, म्हणजे आपला भात-आमटी, मागवा.