स्थगितीला मुदत हवी

न्यायालयं लोकशाहीची राखणदार, असं म्हटलं की आपल्याकडे लगेच केशवानंद भारती खटला निघतो. संविधानाचा मूळ गाभा संसदेलाही बदलता येणार नाही, असं सांगणारा. 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. मोठाच निकाल, वाद नाही. पण मला बोलायचंय ते आपल्या महापालिकांबद्दल.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं संविधानात स्पष्ट लिहिलंय. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंही तेच बजावलं होतं. निवडणूक झाली कधी? 15 जानेवारी 2026 ला! तोवर प्रशासक. बजेट मांडणारे आयुक्त, मंजूर करणारेही आयुक्तच. गटार तुंबलं की लोक सवयीनं माजी नगरसेवकाला फोन लावणार आणि तो म्हणणार, "अहो, आता माझ्या हातात काय आहे? वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या."

सरकारांनी घोळ घातला, हे खरंच. एकानं मुंबईच्या जागा 227 च्या 236 केल्या, दुसऱ्यानं सत्तेवर येताच पुन्हा 227. ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयानं इम्पिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतली आकडेवारी मागितली, तेही रास्त. पण ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'जैसे थे'चा, म्हणजे आहे ते तसंच ठेवा असा आदेश दिला, निवडणूक थांबली आणि प्रकरण तारखांमध्ये अडकलं ते अडकलंच. मग मे 2025 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, चार आठवड्यांत अधिसूचना काढा, ओबीसी आरक्षण 2022 च्या आधीसारखं ठेवा, मूळ वादाचं नंतर बघू. म्हणजे वाद न मिटवताही निवडणूक घेता येत होती की! मग हे 2022 मध्येच का नाही सांगितलं?

इलेक्टोरल बॉण्डचंही, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी द्यायच्या रोख्यांचंही तेच. योजना 2018 ची, घटनाबाह्य ठरली फेब्रुवारी 2024 मध्ये. मधे 2019 ची लोकसभा होऊनही गेली. बरं, न्यायालयाला घाई जमत नाही असंही नाही. हे रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेनं त्यांचे तपशील द्यायला 30 जूनपर्यंत वेळ मागितला, तेव्हा 'उद्याच द्या' म्हणून सांगितलं आणि बँकेनं ते दिलेही.

सरकारच्या निर्णयांची तपासणी करायचा न्यायालयाचा अधिकार कुणी काढून घ्यावा, असं मी अजिबात म्हणत नाही. पण निवडणूक याचिका, म्हणजे एखाद्याच्या निवडून येण्याला आव्हान देणारी याचिका, सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. तशीच मुदत निवडणूक अडवणाऱ्या स्थगितीलाही घाला. सहा महिन्यांत निकाल नाही लागला, तर स्थगिती आपोआप उठेल आणि मतदान जुन्या नियमांनी होईल.