घरचं अंडं

सोलापुरात राहता, घरामागं आठ बाय दहाची मोकळी जागा आहे आणि आयुष्यात शांतता जरा जास्तच झालीय, तर कोंबड्या पाळाच. दुकानातलं अंडं सहा-सात रुपयांना मिळतं. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूला चव कुठनं येणार?

सुरुवात गड्ड्याच्या जत्रेपासून करावी. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरली की कुणीतरी टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं घेऊन बसलेला असतो. पोरांच्या हट्टानं सहा उचलायची. विचारायचं, "अंडी देतील ना?" तो म्हणणार, "देतील की ओ, न द्यायला काय झालं!" हॅचरीत अंड्यांच्या जातीची पिल्लं पहिल्याच दिवशी निवडतात, माद्या पोल्ट्रीवाले नेतात आणि उरलेले नर रंगात बुडवून बाजारात येतात, एवढं किरकोळ तो कशाला सांगेल? महिन्याभरात रंग उडतो. एप्रिलपर्यंत तुरे लालभडक होतात आणि अंड्यांसाठी आणलेले सहाच्या सहा पहाटे पावणेचारला आरवायला लागतात. कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागतच नाही, हे तेव्हा कळतं. आख्ख्या गल्लीला कळतं.

कापायचं म्हणाल, तर तोवर पोरांनी नावं ठेवलेली असतात. 'पैलवान'चा रस्सा केला तर धाकटी आठ दिवस बोलणार नाही. मग गावाकडच्या मेहुण्याला सहाही देऊन टाकायचे. पुढच्या रविवारी त्याच्याकडं जेवायला बोलावणं आलं, तर पैलवानाची चौकशी करू नका.

आता शहाणपण आलंच आहे, तर थेट तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या आणा. पाच पुरे. खुराडं सुताराकडून करून घ्या, म्हणजे त्यात तुमच्या दिवाणापेक्षा चांगलं लाकूड लागेल. जाळी बारीक हवी, खालून फरशी हवी, कारण घूस आणि मुंगूस तुमच्याइतके आळशी नाहीत. लसीचं आधीच विचारून घ्या. राणीखेत म्हणजे थंड हवेचं ठिकाण नव्हे, एका रात्रीत खुराडं रिकामं करणारा रोग आहे. पिल्लांपासून सुरू केलंत तर पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब घालावा लागतो. कुपी शंभर पिल्लांची, तुमची पाच, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. उरलेल्या पंचाण्णव डोसांकडं बघत चहा घ्यावा.

परवानगीचं म्हणाल, तर मी एका कार्यालयात जाऊन आलोय. पहिलं टेबल म्हणालं, "दुसऱ्या टेबलाला विचारा." दुसऱ्यानं विचारलं, "किती आहेत?" म्हटलं, पाच. "पाचासाठी आलात?" तिसरं टेबल जेवायला गेलं होतं.

खरी मजा मे महिन्यात. पारा त्रेचाळीसवर, नळाला पाणी चार दिवसांआड. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून ती धापा टाकते आणि नेहमीच्या दुप्पट पाणी पिते. तुम्ही ओली पोती टांगता. मग हिरवं शेडनेट. मग बैठकीतला कूलर उचलून मागच्या दारात. तोंडाला पदर लावून आई बघत असते. शेवटी म्हणते, "चाळीस वर्षं पत्र्याखाली काढली मी. मला कुणी पोतं ओलं करून दिलं नाही." यावर उत्तर नसतं. कूलरमध्ये पाणी घालायचं आणि गप बसायचं.

एवढं करून त्या उन्हात अंडी घटतात, जी येतात त्यांचं कवच पातळ. म्हणून शिंपल्याचा चुरा आणा. त्यातली एक खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, तिचं अंडं बंद. दुसरी पिसं गाळायला लागते, तिचंही बंद. माणशी, म्हणजे कोंबडीशी, रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य मात्र बंद होत नाही. मालदांडी ज्वारी टाकली तर ती टिपत बसतात, पण निव्वळ ज्वारीवर अंडं येत नाही. ज्वारीची भाकरी आपल्याला, त्यांना पिशवीतलं लेयर मॅश, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य.

तर पाच कोंबड्या, रोज दोन अंडी. एक वरच्या मजल्यावरच्या अक्कांना, शिटेच्या वासाबद्दल. दुसरं पलीकडच्या काकांना, त्यांच्या मेथीच्या वाफ्याबद्दल. दोघांनाही आता सवय लागलीय. ज्या दिवशी एकही अंडं सापडत नाही, त्या दिवशी अक्का जिन्यातच उभ्या राहतात, "आज नाही का हो?"

अशा वेळी अंधार पडल्यावर दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या दुकानात जावं. अंडी तपकिरी बघून घ्यावीत, काळी पिशवी मागावी. घरी आल्यावर दोन अंड्यांना खुराड्यातली थोडी माती चोळायची, एखादं पीस चिकटवायचं आणि वर नेऊन द्यायची. अक्का लगेच पोळा करतात आणि खिडकीतूनच ओरडून सांगतात, "काही म्हणा भाऊ, घरच्या अंड्याची चवच वेगळी!"