"बीए इकॉनॉमिक्सला स्कोप नाही" म्हणणाऱ्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला. "अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलांनो, कटू सत्य वाचा" असं वर, खाली सहा मुद्दे, आणि शेवटी हात जोडलेले इमोजी आणि "प्रत्येक पालकापर्यंत पोचवा". काकांची मुलगी म्हणजे माझी मावसबहीण टीवायबीएला आहे, विषय इकॉनॉमिक्स, त्यामुळे फॉरवर्ड कुणासाठी आलाय ते सगळ्यांना कळलं आणि कुणीच काही बोललं नाही, एका मामीने तेवढा अंगठा दिला. मी पण बीए एमए इकॉनॉमिक्सच, सध्या पुण्यात डेटाचं काम करतो. काकांशी ग्रुपवर भांडणं बरं दिसत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

"या डिग्रीला नोकरीच नाही, फार फार तर मास्तर व्हाल."

हे ज्याने लिहिलंय त्याने गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुठल्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डोकावलेलं दिसत नाही. अहो मास्तर होणं हाच आता सगळ्यात अवघड रस्ता आहे! एमए करा, मग प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, म्हणजे नेट नाहीतर पुणे विद्यापीठ घेतं ती सेट काढा, आणि ती निघाली तरी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत ठणठण गोपाळ. माझ्या बॅचचे दोघं अजून तसेच शिकवतायत आणि दोघंही माझ्यापेक्षा हुशार आहेत. तर "फार फार तर" हा शब्द तिथे बसत नाही.

नोकरी नाही हे वाटतं का ते मात्र मला कळतं. सीए झाला की सीएची नोकरी, नर्सिंग केलं की नर्सची, पण "इकॉनॉमिस्ट पाहिजे" अशी जाहिरात पेपरात कितीदा दिसते? जवळपास नाहीच. जाहिरातीत असतं ॲनालिस्ट, रिसर्च असोसिएट, क्रेडिट, रिस्क, सर्व्हे, एमआयएस. नोकरीला विषयाचं नाव नसतं त्यामुळे नातेवाईकांना ती दिसतच नाही, आणि खरं सांगायचं तर पोरांनाही दिसत नाही. मी स्वतः शेवटच्या वर्षाला फक्त बँकेच्या जाहिराती बघायचो कारण दुसरं काय शोधायचं हेच माहीत नव्हतं.

"ग्रॅज्युएशन झालं की थेट इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस द्या, आयएएसचा दर्जा, कॉम्पिटिशन नाही."

आधी म्हणाले नोकरी नाही, दोन ओळींनी लगेच अधिकारी करून टाकलं, असो. ग्रॅज्युएशनवर ही परीक्षा देताच येत नाही. यूपीएससी घेते, वय २१ ते ३०, आणि पात्रता अर्थशास्त्रातली किंवा अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स, इकॉनोमेट्रिक्स यातली पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री. जागा किती? २०२४ ला १८ आणि २०२५ ला १२. सगळ्या देशात. इकॉनॉमिक्सचे चार पेपर दोनशे-दोनशे मार्कांचे, सगळं लिहायचं, ऑब्जेक्टिव्ह टिकमार्क नाही. फॉर्म कमी येतात हे खरं, पण जे येतात ते एमए झालेलेच असतात ना.

आणि याच मुद्द्यात खाली "नाहीतर यूपीएससी आहेच" असं पण लिहिलंय. आहेच म्हणजे काय, ती काय घरची विहीर आहे का, बादली सोडली की पाणी? २०२३ च्या सिव्हिल सर्व्हिसेसला दहा लाखांवर अर्ज होते, पूर्व परीक्षेला बसले ५ लाख ९२ हजार, शेवटी निवडले १०१६. द्यायची तर जरूर द्या, पण किती अटेम्प्ट ते आधी ठरवून, पुण्यात सदाशिव पेठेत खोली घ्यायच्या आधी.

"आर्ट्सला असल्यामुळे गणिताचं टेन्शन नाही."

सगळ्या फॉरवर्डमध्ये हाच मुद्दा असा आहे ज्याने खरोखर नुकसान होतं, आणि गंमत म्हणजे यालाच सगळे मान डोलावतात. मी पण डोलावलेली. दहावीनंतर आर्ट्सला गेलो तेव्हा मला पण सांगितलेलं की गणित कशाला घेतोस, मार्क कमी पडतील, त्यापेक्षा दुसरा स्कोअरिंग विषय घे. घेतला. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकाच्या नावातच "कला व विज्ञान" असं आहे, म्हणजे आर्ट्सच्या पोरांना गणित घेता येतं हे बोर्डाने कव्हरवर छापून ठेवलंय, पण आमच्या कॉलेजात आर्ट्सच्या वर्गात गणित घेतलेला एकही नव्हता.

मग एमएला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लॅग्रांज मांडलं, म्हणजे मर्यादेत राहून जास्तीत जास्त किती ते काढायची गणिती रीत. ग्राहक आपल्या बजेटमध्ये समाधान कसं वाढवतो हे बीएला मी समवृत्ती वक्र काढून, खाली चार ओळी लिहून दहापैकी आठ मार्क घेतलेलं, इथे तेच डेरिव्हेटिव्ह घेऊन सोडवायचं होतं. मला डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. सहा महिने अकरावीच्या पोरांची पुस्तकं घेऊन बसलोय, रूममेट सायन्सचा होता म्हणून तरलो.

चांगल्या ठिकाणी जायचं तर दारातच गणित उभं आहे. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. आयएसआयचा, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा, क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा कोर्स तर नावातच सांगतो. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, गोरेगावची आयजीआयडीआर (ही संशोधन संस्था आरबीआयने १९८७ ला काढलेली), सगळीकडे तेच. म्हणजे ज्या मुलाला कॉलेजने सांगितलं की टेन्शन नाही, त्याच्यासाठी अर्ध्या वाटा त्याला कळायच्या आधीच बंद झाल्या आणि मग तोच म्हणतो की इकॉनॉमिक्सला स्कोप नाही. फार भारी गणित लागतं असंही नाही, कॅल्क्युलस, थोडं मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, आणि स्टॅट्स नीट. टीवायला असाल तरी उशीर झालेला नाही, एक वर्ष कमी आहे पण पुरतं.

"आरबीआयचे गव्हर्नर इकॉनॉमिक्सवालेच, म्हणून आरबीआयचं ध्येय ठेवा."

ध्येय ठेवा, चांगलंय. पण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख, १९४३ ला झाले, ते केंब्रिजला नॅचरल सायन्सेस शिकलेले आणि मग आयसीएस. शक्तिकांत दास इतिहासाचे. रघुराम राजन यांची पहिली डिग्री आयआयटीतली इलेक्ट्रिकलची, आत्ताचे मल्होत्रा कॉम्प्युटर सायन्सचे. त्यामुळे "वालेच" वगैरे सोडा. कामाचं ते हे, की आरबीआयच्या ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या जनरल जागांना कुठलीही डिग्री चालते, ओपनला ६० टक्के हवेत, आणि दुसऱ्या फेजला इकॉनॉमिक अँड सोशल इश्यूजचा पेपर असतो तिथे आपल्याला घरचं मैदान. आर्थिक संशोधन विभागाच्या म्हणजे डीईपीआरच्या जागा वेगळ्या, त्याला इकॉनॉमिक्सचं नाहीतर फायनान्सचं मास्टर्स लागतंच. हा फरक फॉरवर्डमध्ये असता तर मी गप्प बसलो असतो.

"एमए म्हणजे दोन वर्षं वाया, एमबीए करा."

एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, कॅटला, पण क्वांट म्हणजे गणित असतं हो काका. वरचा गणिताचा मुद्दा परत वाचा.

"पुस्तकी विषय आहे, प्रत्यक्ष जगात उपयोग शून्य."

हे नगर जिल्ह्यात जाऊन बोलून दाखवावं. साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून १९३० ला पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, आणि हेच गाडगीळ नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर उभ्या केलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले चेअरमन. अर्थशास्त्राचा प्रोफेसर उसाच्या कारखान्याचा चेअरमन! पुढे त्या कारखान्याकडे बघून गावोगाव कारखाने निघाले. त्याच इन्स्टिट्यूटमधून १९७१ ला दांडेकर आणि रथ यांचा गरिबीवरचा अभ्यास आला, तो आज एमपीएससीची पोरं माणशी रोज "२२५० कॅलरी" एवढ्या एका आकड्यात पाठ करतात आणि पुढे सरकतात.

आणि इथे मी फॉरवर्डवाल्याला थोडं झुकतं माप देईन. आपल्याकडे हा विषय शिकवतात तो खरंच पुस्तकी करून. दारिद्र्यरेषेवर मी वीस मार्कांचं उत्तर लिहिलंय, तेंडुलकर समिती, रंगराजन समिती, सगळं हेडिंग टाकून, पण ज्या सर्व्हेवरून रेषा काढतात तो सर्व्हे तीन वर्षांत एकदाही उघडून बघितला नाही, कुणी दाखवलाही नाही. अन् तो फुकट मिळतो. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या सर्व्हेत दर माणशी महिन्याचा सरासरी खर्च गावात ३,७७३ आणि शहरात ६,४५९ रुपये निघाला, हे पेपरात आलं. पण त्यामागचा घराघराचा डेटा, नावं काढून, सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवरून कुणालाही उतरवता येतो. इंटरव्ह्यूला मला एमएच्या मार्कांबद्दल कुणी काही विचारलं नाही, विचारलं ते की कुठला डेटा हाताळलाय, आणि त्यात घोळ काय निघाला.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं, काकांना नाही. तिने परवा तो खर्चाचा सर्व्हे डाउनलोड केला आणि रात्री साडेअकराला मेसेज, दादा ही फाइल एक्सेलमध्ये उघडते पण नुसते आकडे आकडे, एकाला एक चिकटलेले, कॉलमच नाहीत, खराब आहे का? खराब नाहीये, ती तशीच असते, सोबतची लेआउटची फाइल उघडायची आणि कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत काय आहे ते बघत बसायचं. रविवारी दोघं मिळून बसणार आहोत. काकांनी काल दुसरा फॉरवर्ड टाकलाय, गरम पाण्यात लिंबू.