फोन धरणारो

"मशीनीन लिवल्यान, हो नुसतो फोन धरून होतो." पाऊण तास घसा फोडून वीजबिलाचा अर्ज तयार झाल्यावर आबांनी खळ्यातल्या मंडळींना माझी ही अशी ओळख करून दिली. चहासुद्धा आधी फोनशेजारी ठेवला.

बिलाचा फोटो काढून एआयला दाखवायचा, एवढंच काम. कागद सपाट, पडवीचा उजेड, फ्लॅश बंद, कॅमेरा बरोबर वरून. शिवाय ग्राहक क्रमांकावर अंगठा. तो क्रमांक नंतर पेनाने लिहिता येतो. आबांना बिलाची घडी मोडवेना. घडी नेमकी 'मागील रीडिंग'वरून गेलेली. यंत्राने ४६६९ चे ४६०९ वाचले, चालू ४८१२ मधून वजा केले आणि छापील १४३ ऐवजी २०३ युनिट काढले. म्हणजे बिल जास्त आलं म्हणून आलेल्या माणसाला यंत्र सांगतंय, साठ युनिट कमीच लावलीत!

आबांनी विचारलं, "खरा काय?" यंत्राने तत्काळ माफी मागितली. आबा गहिवरले. "हापिसात कोण कधी असा बोललो?" पुन्हा विचारलं, पुन्हा माफी, पुन्हा नवा आकडा. हा प्रश्न विचारूच नये. 'खरं का' म्हटलं की ते डगमगतं आणि बरोबर उत्तरही बदलून बसतं. 'हा आकडा बिलाच्या कुठल्या ओळीतून घेतलास?' असं विचारावं आणि ती ओळ आपल्या डोळ्यांनी बघावी. त्याहून सोपं म्हणजे उठून मीटर बघावा. तिथे आज ४७७१. बिलावर ४८१२. तक्रार सापडली, एआयशिवाय.

आता अर्ज. टायपिंग नको म्हणून कीबोर्डचा माइक. त्याची भाषा 'मराठी (भारत)' करावी लागते, आणि एआयच्या चौकटीतलं लाटांसारख्या रेघांचं चिन्ह दाबायचं नाही. ते दाबलं की यंत्र लिहायचं सोडून गप्पा मारायला लागतं. आबांचं "माका बिल" त्याने "मका बिल" लिहिलं आणि मक्याची खरेदी कुठे केली, अशी चौकशी केली. शिवाय आबा मध्येच आठवायला थांबतात. तेवढ्यात माइक बंद.

शेवटी वैतागून म्हटलं, "आबा, देवापुढे घालता तसं गाऱ्हाणं घाला!" गाऱ्हाण्यात सगळं येतं: कोण, कुठला, अडचण काय, कधीपासून, हवं काय. एआयला नेमकं हेच लागतं. आबा ताठ बसले, फोनसमोर हात जोडले. "बा म्हाराजा, आज ह्या ठिकाणी तुझो गिरायक गाऱ्हाणा घालता…"

"होय म्हाराजा!" हे शेजारचे दाजी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"मीटरार ४७७१ असत, बिलार ४८१२ छापल्यानी…"

"होय म्हाराजा!"

"दाजी, गप ऱ्हवा, ते सगळं टाइप होतंय!"

"गाऱ्हाण्याक गप कसा ऱ्हवाचा? देव काय म्हणात?"

अर्ज झकास आला. प्रमाण मराठी, दहा ओळी, मीटरचा फोटो जोडल्याचा उल्लेख. खाली मात्र 'आपला विश्वासू, होय महाराज'. ते खोडायला सांगितल्यावर दाजी रुसले. त्यांच्या मते अर्जातला जोर तेवढाच होता.

हसू येतं, पण रागही येतो. गणपतीला आलेले चाकरमानी म्हाताऱ्यांच्या हातात फोन ठेवतात, परतीची गाडी पकडतात. भाषा इंग्रजीच, अक्षरं मुंगीएवढी, जागा सुप्रभातच्या फोटोंनी भरलेली. आणि ओटीपी, पिन, आधार क्रमांक एआयलाच काय, फोनवरच्या गोड आवाजालाही द्यायचा नाही, हे पोरांनी सांगायला नको? पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन करायचा, हेही मीच भिंतीवर खडूने लिहिलंय.

आज सकाळी खळ्यात तिघे बिलं घेऊन उभे. एकाने घराकडे बघून हाक मारली:

"आबा, तो फोन धरणारो खय असा?"