घावलं खरं, पण हे हाय काय?

ऊस तुटून गेलेल्या फडात मेटल डिटेक्टर वाजतो, वीतभर खणलं की ढेकळातून पितळी काहीतरी हाताला लागतं. इथवर सगळं सोपं असतं. खणायला दहा मिनिटं लागतात. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला कोल्हापुरात आठवडा जातो, कारण वस्तू घरी पोचायच्या आत तिचं बारसं कट्ट्यावर उरकलेलं असतं.

समजा, वस्तू अशी आहे: मुठीत मावेल एवढी, पेरभर उंच, बाहेरून सहा बाजू, एका अंगाला रुंद तोंड, दुसऱ्या अंगाला लहान गोल भोक. वर हिरवट थर, आत चिकणमाती गच्च. कट्ट्याचा निकाल लगेच लागतो. “तलवारीच्या मुठीतलं हाय भावा, पैजेवर सांगतो.” दुसरा म्हणतो, अत्तरदाणी. तिसऱ्याला पालखीच्या दांड्याची टोपी दिसते. नट आहे असं एकही जण म्हणत नाही. नटाला कोण विचारतो?

कट्ट्याला गप्प करणंही अवघड, कारण त्यांच्याकडे पुरावा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या समुद्रदेवाची रोमन धाटणीची कांस्यमूर्ती निघाली. १९४५-४६ मध्ये तिथे रीतसर उत्खनन झालं, सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली, आणि ती मूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ज्या गावाला समुद्र नाही तिथे समुद्रदेव सापडतो, तर आमच्या वावरात तलवार का नाही? या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. वजनकाटा आहे.

पण काट्याआधी धुणं. मराठी घरात मळकं पितळ आलं की चिंच भिजत पडते, आणि ती थांबवणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत जोखमीचं काम, कारण ते खातं आईकडे असतं. “आई, घासू नको गं ते.” “मग काय असंच घाणेरडं ठेवणार घरात?” पुढे बोलायची सोय नसते. तरी कारण सांगून बघावं: चिंचेतलं आम्ल हिरवा थर खातं, आणि बारीक अक्षर, शिक्का, कोरलेली रेघ बऱ्याचदा त्या थरातच टिकून असते. थर गेला की पुरावा गेला. साधं पाणी, अर्धा तास भिजवणं, मऊ टूथब्रश आणि आतल्या मातीसाठी उदबत्तीची काडी, एवढंच पुरतं. सुई किंवा खिळा घालायचा नाही. वस्तू लोखंडी असेल तर भिजवायचीही नाही. माती वाळू द्यायची आणि कोरड्या ब्रशने झाडायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्यावर केशरी गंजाची ताजी साय धरलेली असते.

रंग बराच बोलतो. हिरवं म्हणजे तांबं किंवा तांब्याचं मिश्रण. काळं पडलेलं असेल तर चांदीची शक्यता. पांढरी भुकटी शिसं, जस्त, ॲल्युमिनियम या तिघांपैकी कोणाचीही असू शकते. पितळेवर मधेच गुलाबी डाग दिसले तर घाबरू नये, तिथलं जस्त निघून गेलं आणि तांबं उघडं पडलं. त्यानंतर चुंबक. जुन्या स्पीकरमधला असला तर उत्तम. चिकटला तर लोखंड, पण चिकटला नाही म्हणून सोनं ठरत नाही. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पुष्कळ डब्यांनाही तो चिकटत नाही.

डिटेक्टरच्या पडद्यावरच्या आकड्यावर तर मी अजिबात विसंबत नाही. बऱ्याच यंत्रांत तो ० ते ९९ असतो: लोखंड खाली, तांबं आणि चांदी वर, आणि मधल्या पट्ट्यात सोन्याची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी शेजारीशेजारी नांदतात. म्हणून अंगठी शोधणाऱ्याला आधी आख्ख्या गावाची ॲसिडिटी उपसावी लागते. आकडा धातूचा नसतोच. वीजवहन, आकार, जाडी, खोली, वस्तू आडवी की उभी, या सगळ्याची ती खिचडी. भोक असलेली मोठी लोखंडी चकती तर खुशाल तांब्याचा आकडा दाखवते. जांभ्या दगडाच्या लाल मातीत लोहच इतकं असतं, की जमिनीशी यंत्र जुळवून घेतलं नाही तर ते दर पावलाला खजिना जाहीर करतं.

आता काटा. भाजी तोलायचा नव्हे, स्वयंपाकघरातला डिजिटल. वस्तू कोरडी ठेवून वजन लिहून घ्यायचं: १४२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि वस्तू शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत सोडायची. तळाला टेकली की सगळं वजन काट्यावर येतं आणि हिशेब बोंबलतो. लोंबकळताना काट्यावर येणारा आकडा हा वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजेच तिच्या आकारमानाचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ॲल्युमिनियम २.७, बीड म्हणजे ओतीव लोखंड साधारण ७.२, लोखंड ७.९, पितळ साधारण ८.५, तांबं ८.९६, चांदी १०.५, शिसं ११.३ आणि सोनं १९.३.

घोळ होतो तो इथे. काटा एक-एक ग्रॅमने सरकणारा असेल तर तो कधी १६ दाखवतो, कधी १७. सोळाने भागलं तर ८.८८, म्हणजे तांबं. सतराने भागलं तर ८.३५, म्हणजे पितळ. एका ग्रॅमने धातू बदलतो! दशांश दाखवणारा काटा हवा, त्यावर १६.७ आलं की ८.५ मिळतं आणि वाद मिटतो. तेवढ्यासाठी गुजरीत ओळखीच्या सराफाकडे जाता येतं, फक्त पिशवीतून काढताना “मोडायचं नाही, नुसतं तोलायचंय” असं आधीच सांगावं. दुसरा घोळ हवेचा. भोकात, खाचेत बुडबुडे अडकले की आकारमान फुगतं आणि घनता खाली येते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून वस्तू आत दोन-चारदा हलवली की बुडबुडे सुटतात. आतली माती राहिली असेल तर तिचाही हाच प्रताप.

धातू कळला म्हणजे वस्तू कळली असं नाही. आता भिंग घ्यायचं. आपल्या पितळी नमुन्याच्या रुंद तोंडात, माती निघाल्यावर, आटे दिसतात. पट्टी लावून मोजले तर एका इंचात १४. पाइपच्या आट्यांत अर्धा आणि पाऊण इंची मापाला इंचात १४ आटे असतात, एक इंची आणि त्यापुढे ११. हा अर्धा इंच मात्र पट्टीवर शोधू नये. ‘अर्धा इंची’ म्हणून मिळणारा पाइप बाहेरून जवळपास २१ मिलिमीटर भरतो, आणि या एका गोष्टीपायी नळ बसवणाऱ्यांत आणि घरमालकांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालू आहेत. दुसऱ्या अंगाच्या भोकाला आटे नाहीत, ते आतून गुळगुळीत, वापरून चकाकलेलं. म्हणजे त्यातून काहीतरी गोल फिरत होतं. सहा बाजूंचे कोपरे घोळलेले, म्हणजे चुकीचा पाना लावला गेला होता. आणि आतल्या खोबणीत करंगळी फिरवली की बोटाला काळं, निसरडं काहीतरी लागतं. वास मातीचा नाही, तेलाचा आहे. तलवार इथेच म्यान झाली.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. आपल्याकडच्या रानात हमखास सापडणारी आणि हमखास चुकणारी वस्तू म्हणजे स्वल्पविरामाच्या आकाराचा, कडेला तीन-चार भोकं असलेला पातळ लोखंडी पत्रा. कोणी त्याला वाघनख म्हणतं, कोणी चिलखताचा तुकडा. ती बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखा एक सलग नाल त्याला चालत नाही. एका खुराला दोन पत्र्या, म्हणजे चारी पायांना आठ. ऊस ओढणारी बैलजोडी डांबरी रस्त्यावरून कारखान्याला जायची तर पत्री हवीच, आणि झिजली की ती कुठेतरी गळणारच. तेव्हा फडाच्या वाटेवर एक सापडली तर आणखी पंधरा असू शकतात. भोकांची जागा आणि कोणती कड जास्त झिजलीय ते बघितलं की ओळख पक्की होते.

तोफगोळ्याचं प्रकरण आणखी थोडक्यात आटपतं. पन्हाळा जवळ असल्यामुळे प्रत्येक गोल जड वस्तू ही तोफगोळाच असते. तोलून बघावी. बरोबर ७.२६ किलो भरली तर ती पुरुषांच्या गोळाफेकीची, ४ किलो भरली तर महिलांची. जवळपास शाळेचं जुनं मैदान आहे का, तेही विचारावं. हातोडी किंवा छिन्नी मात्र कुठल्याही गोल, पोकळ वाटणाऱ्या किंवा टोकदार नळकांड्यावर चालवायची नाही. जिथे आहे तिथेच ठेवून ११२ लावायचा.

शिशाच्या गोळीला भंगारात टाकायची घाई करू नये. बहुतेक वेळा ते मासेमारीच्या जाळ्याचं वजन असतं. पण कोल्हापूर परिसरात शिशाची प्राचीन नाणी सापडतात, आणि त्यांच्यावर धनुष्यबाण असू शकतो. चपटी असेल तर तिरक्या उजेडात दोन्ही बाजू बघाव्यात आणि मग साबणाने हात धुवावेत.

खरंच जुनं निघालं तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, कुठे, कधी, किती किमतीचं. दहा रुपये १८७८ चे, ते कोणी वाढवलेले नाहीत. आज त्या हिशेबात आपला पितळी तुकडाही बसेल आणि साहेबांच्या टेबलावर जाईल, या कल्पनेने मला त्यांचीच काळजी वाटते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. संरक्षित किल्ल्यावर डिटेक्टर घेऊन जायचंच नाही. पन्हाळा २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे आपलं कुदळ-फावडं शोभत नाही.

शेवटचा टप्पा शिवाजी उद्यमनगर, म्हणजे कोल्हापुरातली लेथ-कारखान्यांची वसाहत. फोटो पाठवू नये, वस्तूच न्यावी. फोटो पाठवायचाच तर शेजारी पट्टी ठेवून सहाही बाजूंनी काढावा, तळहातावर ठेवून नव्हे, तळहात काय मापाचा ते कोणाला ठाऊक? लेथवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घनतेचा कागद दाखवायची गरज पडत नाही. ते वस्तू बोटावर फिरवतात, भोकातून उजेडाकडे बघतात, करंगळीने आतलं काळं पुसतात.

“ग्लँड नट हाय. व्हॉल्व्हचा.”

“मिस्त्री, नक्की?”

“ही बघा की, दांड्याभवती पाणी अडवायला गुंडाळत्यात त्या ग्लँड दोरीची काजळी. हितनं दांडा फिरायचा, पाणी गळाय लागलं की ह्यो आवळायचा. कुणीतरी पाईपपान्यानं घोळलाय, आडाणी.”

एवढं बोलून ते नट फडक्याने पुसतात, आटे डोळ्यांनीच मोजतात आणि आपल्याला न विचारता लेथशेजारच्या डब्यात टाकतात. “असू दे हितंच. ह्या मापाचा आता मिळत न्हाई.”